कॅश बॅकअप वारंवार फेल होतोय? नवी बॅटरी मागवण्याआधी या क्रमानं तपासा

कॅश म्हणजे डिस्कवर लिहिण्याआधी डेटा थोडा वेळ थांबतो ती रॅम, आणि वीज गेली तर तिच्यातला डेटा वाचवणारी यंत्रणा म्हणजे कॅश बॅकअप; रोजचा डेटा बॅकअप वेगळा. या बिघाडाचा फोन येतो तेव्हा त्यात ‘कॅश’ हा शब्दच नसतो. ‘ईआरपीत सेव्ह दाबलं की चक्र फिरत राहतं’, ‘रात्रीचा बॅकअप सकाळी दहा वाजले तरी संपला नाही’, ‘काल सगळं बरं होतं, आज सगळे सर्व्हर एकदम बसलेत’ असा तो फोन असतो. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव भागातले कारखाने आणि काही पतसंस्था यांचे स्टोरेज अ‍ॅरे, म्हणजे सर्व्हरचा डेटा ठेवणाऱ्या डिस्कच्या पेट्या, मी बारा वर्षं सांभाळतोय. बहुतेक मध्यम आकाराचे, दोन कंट्रोलर (डिस्कचा कारभार बघणारे बोर्ड) आणि बारा ते चोवीस डिस्क असलेले. हा एकच बिघाड इतक्या वेळा हाताखालून गेलाय की तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे. तो इथे लिहून ठेवतो.

लक्षणं

• लिहिणं एकदम मंद झालंय, पण वाचणं जवळपास नेहमीसारखं आहे. ही सगळ्यात भरवशाची खूण. दोन्ही मंद असतील तर आधी डिस्क, नेटवर्क, फायबरच्या केबल बघा.
• मॅनेजमेंटच्या स्क्रीनवर अ‍ॅरे ‘डिग्रेडेड’ दिसतो, कंट्रोलरच्या मागे अंबर दिवा लागलेला असतो.
• वॉल्यूमची (सर्व्हरला दिलेल्या डिस्कच्या जागेची) ठरवलेली पॉलिसी राइट-बॅक (आधी कॅशमध्ये, मग डिस्कवर) आहे, पण शेजारच्या ‘सध्याची स्थिती’ रकान्यात राइट-थ्रू (थेट डिस्कवर) दिसतं.
• इव्हेंट लॉगमध्ये ‘कॅश बॅकअप डिव्हाइस फेल्ड’, ‘बॅटरी नियरिंग एक्स्पिरेशन’, ‘राइट कॅशिंग डिसेबल्ड’ अशा अर्थाच्या ओळी. शब्द कंपनीप्रमाणे बदलतात.
• काही तासांनी सगळं आपोआप ठीक होतं आणि काही दिवसांनी पुन्हा तेच.
• अ‍ॅरे किंवा सर्व्हर सुरू होताना मध्येच थांबतो आणि सांगतो की जपून ठेवलेली कॅश सापडली आहे, ती ठेवू की टाकून देऊ. हे दिसलं तर खालचं काही करू नका, थेट शेवटच्या भागात जा.

असं का होतं

राइट-बॅकमध्ये सर्व्हरकडून आलेला डेटा कंट्रोलरच्या रॅममध्ये उतरला की लगेच पोच जाते, आणि डिस्कवर तो सवडीनं लिहिला जातो. म्हणून वेग मिळतो. पण वीज गेली की रॅम पुसली जाते. सर्व्हरला पोच मिळालेली, डिस्कवर मात्र काहीच नाही, असा डेटा कुणीतरी वाचवायला हवा. जुन्या कंट्रोलरमध्ये हे काम बॅटरी करायची. ती रॅमला ४८ ते ७२ तासांपर्यंत जिवंत ठेवायची, तेवढ्यात वीज आली नाही तर डेटा गेला. नंतरच्या रचनेत सुपरकॅपॅसिटर (झटकन भरणारा, वीज साठवणारा भाग) किंवा छोटी बॅटरी फक्त एखाद-दोन मिनिटं वीज पुरवते, आणि तेवढ्यात रॅममधला डेटा फ्लॅशवर उतरतो. फ्लॅशला वीज लागत नाही, त्यामुळे मग घाई उरत नाही. काही मोठ्या अ‍ॅरेमध्ये बॅटरी अख्ख्या कंट्रोलरला आणि ठरावीक डिस्कना तग धरायला लावते आणि कॅश त्या डिस्कच्या राखीव जागेत उतरते.

यातला एखादा दुवा भरवशाचा उरला नाही की कंट्रोलर स्वतःहून राइट-थ्रूवर येतो, म्हणजे डिस्कवर लिहून झाल्याशिवाय पोच देत नाही. त्याची किंमत किती, ते साध्या हिशेबानं कळतं. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला साधारण ७५ ते १०० रँडम कामं करते. आपण ८० धरू. आठ डिस्कची मिळून ६४० झाली. रेड-५ या रचनेत डेटासोबत पॅरिटी, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेला ताळा, लिहावी लागते. त्यामुळे प्रत्येक छोट्या लिखाणासाठी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं लागतात. म्हणजे हाती उरली सेकंदाला १६० लिखाणं. रेड-६ मध्ये सहा कामं लागतात, तिथे हा आकडा शंभराच्या आसपास येतो. महिनाअखेरीला चाळीस माणसं एकाच वेळी चलनं टाकत असतील तर एवढ्यात काय होणार?

हे सांगण्याचं कारण एकच. मंद झालेला अ‍ॅरे या घडीला तुमचा डेटा सांभाळतोय. बऱ्याच कंट्रोलरमध्ये ‘बॅटरी असो-नसो, राइट-बॅक चालू ठेव’ अशी सक्तीची सोय असते. ती चालू केली की वेग लगेच परत येतो आणि सगळे खूश होतात. एका कारखान्यात माझ्या आधीच्या माणसानं ती चालू करून ठेवली होती. पाच महिने कुणाला काही कळलं नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी लाइट गेली आणि यूपीएसनंही साथ सोडली, आणि डेटाबेसच्या फायली अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत सापडल्या. टेपवरून परत आणायला दोन दिवस लागले, आणि मधल्या एका दिवसाच्या नोंदी स्टोअरमधल्या मुलांनी कागदावरून पुन्हा भरल्या. ती सोय चालू करू नका. कुणी करून ठेवली असेल तर आज बंद करा, मग भले अ‍ॅरे मंद होवो.

यूपीएस आहे, मग बॅटरी कशाला, असंही विचारलं जातं. यूपीएस बाहेरची वीज सांभाळतो. पीडीयू (रॅकमधला वीज वाटणारा बोर्ड) ट्रिप झाला, कुणाच्या पायात केबल आली, पॉवर सप्लाय जळाला, तर तो काही करू शकत नाही.

काहीही हात लावण्याआधी

दोन गोष्टी, दोन्ही फुकट. पहिली, कालचा डेटा बॅकअप खरंच पूर्ण झालाय का ते बघा, आणि त्यातली एखादी फाइल परत काढून उघडून पाहा. दुसरी, अ‍ॅरे बंद-चालू करू नका. ‘एकदा रीस्टार्ट मारून बघू’ ही सवय संगणकाला चालते, पण इथे रॅममध्ये न लिहिलेला डेटा असू शकतो आणि त्याला वाचवणारी यंत्रणाच आजारी आहे.

१. लॉग, पण पहिल्या ओळीपासून

सपोर्ट लॉगची पूर्ण फाइल आधी उतरवून लॅपटॉपवर ठेवा. लॉगची जागा मर्यादित असते, नव्या ओळी आल्या की जुन्या पुसल्या जातात. मग शेवटची ओळ वाचण्याऐवजी मागे मागे जा आणि गोष्ट कुठे सुरू झाली ते शोधा. ‘राइट कॅशिंग बंद’ ही शेवटची ओळ असते. तिच्या चार मिनिटं आधी ‘पॉवर सप्लाय २ बंद’ असेल, तर बॅटरीचा काही संबंध नाही.

कंट्रोलरचं घड्याळही बघा. वेळ चुकीची असेल तर वीज जाण्याच्या वेळेशी लॉग जुळवता येत नाही. दोन कंट्रोलरच्या घड्याळांत तफावत असलेले अ‍ॅरे मी बरेच पाहिलेत. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) लावायला दोन मिनिटं लागतात.

२. बॅटरी किंवा सुपरकॅपॅसिटर चार्ज होतोय का?

बॅटरी असलेले कंट्रोलर ठरावीक दिवसांनी स्वतःची चाचणी घेतात, तिला लर्न सायकल म्हणतात. जुन्या प्रकारात बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा भरली जाते. त्याला कित्येक तास लागतात आणि तेवढा वेळ कंट्रोलर राइट-थ्रूवर राहतो. हा बिघाड नाही. ती ऐन कामाच्या वेळी येत असेल तर वेळापत्रक बदलून रविवारी रात्री लावा. सुपरकॅपॅसिटर मात्र वीज आल्यावर काही मिनिटांतच भरतो. अर्धा तास होऊन गेला आणि अजून ‘चार्जिंग’च दिसतंय, तर पुढे चला.

भोसरीतली एक गोष्ट इथे सांगायला हवी. तिथला अ‍ॅरे दर शुक्रवारी सकाळी मंद व्हायचा आणि दुपारच्या जेवणापर्यंत बरा व्हायचा. दीड वर्षात दोनदा बॅटरी बदलून झाली होती, फरक शून्य. मी लॉग कॅलेंडरशेजारी ठेवून बसलो. आपल्या या पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि महावितरणची देखभालीची कामंही त्याच दिवशी निघतात. गुरुवारी सकाळी लाइट जायची, सर्व्हर चालूच असायचे, यूपीएस संपला की सगळं एकदम बंद पडायचं. कॅशमध्ये न लिहिलेला डेटा अडकायचा आणि बॅटरी दिवसभर रॅमला धरून बसायची. शुक्रवारी लाइट लावली की डेटा डिस्कवर उतरायचा, एकही बाइट हरवायचा नाही. पण बॅटरी इतकी उतरलेली असायची की ती भरेपर्यंत कंट्रोलर राइट-बॅकवर जायला तयार नसायचा. यंत्रणेनं आपलं काम चोख केलं होतं आणि तिलाच दोनदा बदललं गेलं. यूपीएसची बॅटरी ४० टक्क्यांवर आली की आधी सर्व्हर आणि मग अ‍ॅरे रीतसर बंद होईल, अशी स्क्रिप्ट लावली. तेव्हापासून शुक्रवारचा फोन बंद झाला.

म्हणून बिघाड ‘वारंवार’ येत असेल तर तो कोणत्या वाराला, किती वाजता येतो, हे वहीत लिहा.

३. दोष दुसऱ्याच भागाचा आहे का?

राइट-थ्रूवर जाण्याची कारणं बॅटरीपुरती नसतात. दोन कंट्रोलर एकमेकांच्या कॅशची प्रत ठेवतात. जोडीदार बंद पडला की प्रत उरत नाही, आणि उरलेला कंट्रोलर सहसा राइट-थ्रूवर येतो. एक पॉवर सप्लाय गेला, एक पंखा बंद पडला, तापमान मर्यादेबाहेर गेलं, तरी बऱ्याच अ‍ॅरेमध्ये असंच घडतं, कारण अ‍ॅरे कधीही बंद पडेल अशी शंका त्याला आलेली असते. रॅकच्या मागे जाऊन टॉर्चच्या उजेडात एकेक दिवा बघा. सैल पॉवर केबल नीट बसवणं हा मी केलेला सगळ्यात स्वस्त इलाज आहे.

४. खोलीचं तापमान

सर्व्हर रूमसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस ही सर्वमान्य मर्यादा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रात्री एसी बंद करण्याची पद्धत आहे आणि खोलीतलं तापमान कोणी मोजत नाही. कंट्रोलरच्या आत ते बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त असतं. दर १० अंश वाढीला सुपरकॅपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा ढोबळ नियम कामाला येतो. लिथियम बॅटरीही उष्णतेनंच आधी म्हातारी होते. लॉगमधून बॅटरीचं रात्री दोनचं तापमान काढा आणि दुपारी दोनच्या आकड्याशेजारी ठेवा. रात्रीचा आकडा जास्त निघाला तर नवी बॅटरीही तुम्हाला पुरणार नाही. आधी एसीचा प्रश्न सोडवा.

५. बॅटरीचे आकडे

आता बॅटरीकडे. मेगारेड घराण्याच्या कंट्रोलर कार्डांवर स्टोअरसीएलआय ही कमांड, एचपीईच्या स्मार्ट अ‍ॅरेवर एसएसएसीएलआय ही कमांड आणि स्वतंत्र अ‍ॅरेंवर त्यांचा मॅनेजमेंट इंटरफेस सविस्तर माहिती देतो. ‘१०० टक्के चार्ज’ या आकड्यावर विसंबू नका. ते बॅटरीच्या आजच्या क्षमतेचे १०० टक्के असतात. मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता, असे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पाच लिटरच्या हंड्यात तळाला तीन लिटर गाळ साचला, तर काठोकाठ भरूनही पाणी दोनच लिटर मिळणार.

वयही बघा. लिथियम बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलायची, हे धरूनच चाला. काही अ‍ॅरे बॅटरीची तब्येत मोजत नाहीत, फक्त बसवल्यापासूनचे दिवस मोजतात. तिथे नवी बॅटरी बसवल्यावर वयाची नोंद हातानं शून्यावर आणावी लागते. ती आणली नाही तर नवी बॅटरीही ‘मुदत संपली’ म्हणून ओरडत राहते. या एका विसरण्यापायी चांगल्या बॅटऱ्या परत गेलेल्या मी पाहिल्यात.

६. फर्मवेअर

चार्ज चुकीचा मोजणं, सुपरकॅपॅसिटरची खोटी तक्रार, असे दोष नव्या फर्मवेअरमध्ये (कंट्रोलरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) दुरुस्त झालेले असू शकतात. रिलीज नोट्समध्ये तुमच्याच संदेशाचा उल्लेख आहे का ते शोधा. असेल तर सपोर्टला विचारून, बॅकअप हाताशी ठेवून, सुट्टीच्या दिवशी करा. उल्लेख नसेल तर आजारी अ‍ॅरेवर फर्मवेअर चढवू नका. अपडेटमध्ये कंट्रोलर रीस्टार्ट होतात, आणि याच वेळी तुम्हाला रीस्टार्ट नको आहे.

७. बॅटरी बदलणं

इथून पुढे खर्च आहे आणि धोकाही. पार्ट नंबर जुळवा, आणि उत्पादनाची तारीख विकणाऱ्याकडून लेखी घ्या. दोन वर्षं गोदामात पडून असलेली ‘नवी’ बॅटरी बऱ्याचदा नीट चार्ज धरत नाही. जुन्या बॅटरीवर नवं लेबल लावूनही विकतात, म्हणून बसवल्यावर लगेच पाचव्या मुद्द्यातले आकडे काढा आणि जुळले नाहीत तर त्याच दिवशी परत करा.

बॅटरी चालू स्थितीत काढता येते की नाही, हे मॉडेलवर ठरतं. मॅन्युअल उघडून तो परिच्छेद वाचल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. कॅशचा दिवा लुकलुकत असेल तर आत न लिहिलेला डेटा आहे. तो थांबेपर्यंत थांबा. बंद करून बदलायची असेल तर आधी सर्व्हर बंद करा, मग अ‍ॅरेला मेन्यूमधून शटडाउनचा आदेश द्या, कॅश रिकामी झाल्याचा संदेश येऊ द्या, आणि शेवटी स्विच. सुरू करताना उलट क्रम, आणि डिस्कचे जादा डबे कंट्रोलरच्या आधी. डिस्क फिरायच्या आत कंट्रोलर जागा झाला तर त्याला अर्ध्या डिस्क सापडत नाहीत, आणि एका बिघाडाचे दोन होतात.

फुगलेली बॅटरी दाबून बाहेर ओढू नका. ती कुरिअरनं परतही पाठवू नका. खराब लिथियम बॅटरीला विमानात परवानगी नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे गेली पाहिजे.

८. बॅकअपचं फ्लॅश

बॅटरी ठणठणीत आहे तरी ‘कॅश बॅकअप डिव्हाइस’ची तक्रार येतेय, तर ज्या फ्लॅशवर कॅश उतरते ते बघावं लागतं. मॉडेलप्रमाणे ते कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड, यूएसबी मॉड्यूल किंवा एम.२ कार्ड असतं. ते झिजून फक्त वाचण्यापुरतं उरतं, किंवा ‘क्षमता अपुरी’ असा संदेश येतो. हा दुसरा संदेश आला तर आधी एक प्रश्न विचारा: अलीकडे कंट्रोलरची रॅम कोणी वाढवली का? १६ जीबीची कॅश ८ जीबीच्या फ्लॅशवर मावत नाही.

हे मॉड्यूल बहुधा कंट्रोलरच्या पोटात असतं, म्हणजे कंट्रोलर बाहेर काढावा लागतो. त्याआधी प्रत्येक सर्व्हरवर मल्टिपाथ (सर्व्हरपासून दोन्ही कंट्रोलरपर्यंतच्या वेगळ्या वाटा) तपासून दोन्ही वाटा चालू असल्याची खात्री करा. ‘असेलच चालू’ म्हणू नका. एका ठिकाणी सहापैकी एका सर्व्हरची दुसरी केबल वर्षभर निघालेली होती, आणि तो सर्व्हर पगाराचा होता. माझा सल्ला असा, की एएमसी (वार्षिक देखभाल करार) चालू असेल तर ही पायरी कंपनीच्या इंजिनिअरकडूनच करून घ्या.

इथे थांबा आणि इंजिनिअर बोलवा

जपून ठेवलेल्या कॅशचा संदेश आला तर. ‘टाकून द्या’ हे बटण दाबलं की तो डेटा कायमचा गेला. असा संदेश बहुतेकदा डिस्क किंवा डिस्कचा डबा कंट्रोलरला दिसेनासा झाल्यानं येतो. वॉल्यूम परत दिसू लागला की कंट्रोलर कॅश स्वतःहून लिहून टाकतो. म्हणून काही न दाबता फोन करा. आणि कंट्रोलर जुन्या प्रकारचा, बॅटरीवर रॅम धरणारा असेल, तर घड्याळ चालू आहे हेही फोनवर सांगा.

दोन्ही कंट्रोलरवर एकाच वेळी तक्रार असेल तर. अ‍ॅरेला एकच कंट्रोलर असेल आणि तो उघडावा लागणार असेल तर. रॅमच्या न सुधारता येणाऱ्या ईसीसी (रॅममधल्या चुका पकडणारी सोय) त्रुटी लॉगमध्ये असतील तर. बॅटरी फुगली असेल तर. नवी, खात्रीची बॅटरी बसवून २४ तास झाले आणि तोच संदेश परत आला तर, कारण मग दोष चार्जिंगच्या सर्किटमध्ये किंवा बोर्डात असतो आणि तिसरी बॅटरी आणून काही होत नाही. आणि तपासून पाहिलेला डेटा बॅकअप तुमच्याकडे नसेल, तर पहिल्या पायरीपासूनच थांबा.

इंजिनिअर येईपर्यंत राइट-थ्रू तसंच राहू द्या. रात्रीचा बॅकअप आणि मोठे रिपोर्ट वेगवेगळ्या वेळी लावले तर लोकांना काम करता येण्याइतका वेग मिळतो. सिरियल नंबर, उतरवून ठेवलेली लॉगची फाइल, फर्मवेअरची आवृत्ती, बॅटरी बसवल्याची तारीख आणि वहीतली बिघाडाच्या वेळांची यादी तयार ठेवा.

दुरुस्ती झाल्यावर कॉल लगेच बंद करायला सही देऊ नका. चार्ज पूर्ण होऊ द्या. सध्याच्या स्थितीच्या रकान्यात प्रत्येक वॉल्यूमसमोर राइट-बॅक आलंय का, दोन कंट्रोलरमधलं कॅश मिररिंग चालू आहे का, आणि सक्तीचा राइट-बॅक बंद आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. अलर्टचा चाचणी ईमेल पाठवा. तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात असेल तर पत्ता बदला. मग पुढच्या वेळी लाइट जाऊन येईल तेव्हा लॉग उघडा, आणि कॅश रीतसर उतरली आणि परत लिहिली गेली अशा दोन ओळी सापडल्या की सही करा.